आंबेनळीच्या पायथ्याची संगणकविद्या

पोलादपुराहून महाबळेश्वराकडे चढणाऱ्या वाटेस आंबेनळीचा घाट म्हणतात. सावित्रीच्या खोऱ्यांतून निघालेली ही वाट प्रतापगडाच्या पायथ्याजवळून सह्याद्रीच्या माथ्यावर जाते. तिच्या आधीं या डोंगरांतून पारघाटाची जुनी वाट होती, आणि महाडच्या पेठेंतला माल बैलांच्या पाठीवरून तिनेंच देशावर जात असे. पुढें इंग्रजी अमदानींत गाड्या चालतील असा रस्ता आंबेनळींतून काढण्यांत आला. तो फिट्झजेराल्ड घाट या नांवानेंहि ओळखला जाई. या मुलखाचा इतिहास सांगतांना गडाचा व लढायांचा उल्लेख सहज होतो. परंतु असे घाटरस्ते ज्यांनीं आंखले, ज्यांनीं चढउतार मोजले आणि मोऱ्यांचे हिशेब केले, त्यांना ती विद्या कोठें व किती अवधींत मिळाली, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. तो विचारण्याजोगा आहे. कारण याच घाटाच्या पायथ्याशीं, महाड-पोलादपूरच्या घरांत, तसाच एक प्रश्न आज निराळ्या रूपानें उभा आहे. बारावी झालेल्या मुलानें किंवा मुलीनें संगणकाची विद्या, म्हणजे सॉफ्टवेअर तयार करण्याचें आणि वेबवरील पानें रचण्याचें काम, तीन वर्षांच्या छोट्या पदवीनें शिकावें काय? एवढ्या अवधींत तें खरोखर येतें काय?

या प्रश्नामागें एक जुना समज दडलेला आहे. विद्या जितकी दीर्घ तितकी ती थोर, आणि थोडक्या दिवसांत मिळते ती हलकी, असें आपल्याकडे मानलें जातें. इतिहास या समजाला पुष्टि देत नाहीं. महाराष्ट्रांतील अभियांत्रिकी शिक्षणाचा आरंभच एका साध्या वर्गानें झाला. १८५४ सालीं पुण्यास 'इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' निघालें, तें मोठे पदवीधर घडविण्यासाठीं नव्हे. रस्ते, पूल, कालवे आणि इमारती यांवर देखरेख करणारे दुय्यम दर्जाचे अंमलदार बांधकाम खात्यास मिळावेत, एवढाच त्याचा हेतु होता. त्याच वर्गाचें पुढें कॉलेज झालें, तें मुंबई विद्यापीठाशीं जोडलें गेलें, आणि मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्यासारखा स्थापत्यविशारद त्यांतून बाहेर पडला.

मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ सालची. तिचे विद्यार्थी कित्येक दशकें पदवी नव्हे तर पदविका घेऊनच गिरण्यांत आणि कारखान्यांत जात होते, आणि त्यांच्यावांचून त्या गिरण्या चालणें कठीण होतें. १८९० सालीं सयाजीराव गायकवाड महाराजांनीं बडोद्यास कलाभवन काढलें. त्रिभुवनदास गज्जर यांनीं तेथें धंदेशिक्षण देशी भाषांतून देण्याचा आग्रह धरला. दादासाहेब फाळके याच कलाभवनांत शिकले. या तिन्ही संस्थांचा धडा एकच आहे. वर्ग लहान कीं मोठा, यावर विद्येचें भवितव्य ठरलें नाहीं. त्या वर्गांत हातोटीबरोबर तत्त्व शिकविलें गेलें कीं नाहीं, आणि शिकलेल्याला पुढें जाण्याची वाट मोकळी राहिली कीं नाहीं, यावर तें ठरलें.

संगणकविद्येचा इतिहास तर याहूनहि बोलका आहे. ही विद्या जगांत प्रथम शिकविली गेली ती दीर्घ पदवीच्या रूपानें नव्हेच. इंग्लंडांतील केंब्रिज येथें मॉरिस विल्क्स यांचा 'एडसॅक' नांवाचा संगणक मे १९४९ मध्यें चालूं लागला. दुसऱ्याच वर्षीं तेथें उन्हाळ्याच्या सुटींत आज्ञावली लिहिण्याचा एक लहानसा वर्ग भरला. १९५१ सालीं विल्क्स, व्हीलर आणि गिल यांनीं या विषयाचें पहिलें पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केलें. १९५३ सालीं केंब्रिज विद्यापीठानें संगणनाची पदविका सुरू केली, आणि तिचा अवधि होता केवळ एक वर्ष. अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठांत संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९६२ सालीं. म्हणजे यंत्र आधीं आलें, मग सुटींतला वर्ग, मग वर्षाची पदविका, आणि सरतेशेवटीं विभाग व पदव्या. आज ज्या शिक्षणाला कोणी 'छोटें' म्हणून नाक मुरडतो, तेंच या विद्येचें मूळचें रूप होय.

आपल्याकडेहि क्रम फारसा निराळा नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रंगस्वामी नरसिंहन् यांच्या मार्गदर्शनाखालीं देशी बनावटीचा संगणक तयार झाला. त्याचें लहान प्रायोगिक रूप १९५६ सालीं व पूर्ण यंत्र १९६० सालीं चालूं झालें, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. त्यावर काम करणाऱ्यांपैकीं कोणापाशींहि संगणकाची पदवी नव्हती, कारण ती या देशांत अस्तित्वांतच नव्हती. गणित व पदार्थविज्ञान शिकलेलीं माणसें यंत्रापाशीं बसून, एकमेकांना विचारून ही विद्या शिकलीं. १९६८ सालीं मुंबईंत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचें काम सुरू झालें. १९७३ सालीं अंधेरीस 'सीप्झ' हें निर्यातक्षेत्र उभें राहिलें. १९७८ सालीं आय. बी. एम. कंपनीनें भारतांतील आपला व्यवहार आवरता घेतला, आणि देशांतील यंत्रें देशांतल्याच माणसांनीं चालविण्याची निकड वाढली. हीं माणसें आणावयाचीं कोठून? वैद्येश्वरन् राजारामन् यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें त्यावर जो उपाय सुचविला त्यांत संगणक उपयोजनाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा, म्हणजे एम. सी. ए. चा, समावेश होता. अभियंते नसलेल्या पदवीधरांनाहि या धंद्याचें दार उघडावें, ही त्यामागील दृष्टि होती. पुढें त्याच्या खालच्या पायरीवर तीन वर्षांची बी. सी. ए. ही पदवी आली, आणि विज्ञानशाखेंतहि संगणकशास्त्र व माहिती तंत्रज्ञान या विषयांच्या तीन वर्षांच्या पदव्या निघाल्या.

आतां पुन्हा सावित्रीच्या खोऱ्याकडे वळूं. महाड हें नांव विद्येच्या इतिहासांत पाण्याच्या वाटेनें आलें आहे. मुंबई कायदे कौन्सिलांत १९२३ सालीं रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला, कीं सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गास मोकळे असावेत. महाड नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें मोकळें केल्याचें ठरविलें. परंतु ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं सहस्रावधि लोकांसह त्या तळ्याचें पाणी हातीं घेतलें. पुढें हा वाद न्यायालयांत गेला, आणि मुंबईच्या हायकोर्टाचा निकाल सत्याग्रहींच्या बाजूनें लागला तो १९३७ सालीं. बोले यांच्या ठरावांत पाणवठ्याशेजारींच शाळेचा उल्लेख होता, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जें सर्वांच्या पैशानें उभें राहतें, तें सर्वांस मिळालें पाहिजे, हें दोहोंमागील तत्त्व एकच. बाबासाहेबांनीं १९४५ सालीं पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि दुसऱ्याच वर्षीं मुंबईंत सिद्धार्थ कॉलेज काढलें. तेथें नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं सकाळचे वर्ग ठेवले होते. ज्याला पोटासाठीं राबावें लागतें त्यालाहि शिकतां यावें, म्हणून घड्याळ विद्यार्थ्याच्या सोयीनें लावण्याची ही कल्पना होती.

महाडच्या उत्तरेस, माणगांव तालुक्यांत, मुंबई-गोवा रस्त्यावर लोणेरें हें गांव आहे. महाराष्ट्र विधिमंडळानें १९८९ सालीं कायदा करून येथें डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ स्थापिलें. २०१४ च्या कायद्यानें त्याचें क्षेत्र साऱ्या राज्यापर्यंत वाढलें, आणि राज्यांतील इतर कॉलेजें त्याला जोडून घेण्याची वाट मोकळी झाली. योगायोग असा, कीं त्याच १९८९ सालच्या मार्च महिन्यांत स्वित्झर्लंडमधील 'सर्न' या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं एक टिपण सादर केलें. संस्थेंतील विखुरलेलीं माहितीपत्रें एकमेकांस दुव्यांनीं जोडावीं, असें त्यांत सुचविलें होतें. वेबचा जन्म तो. ३० एप्रिल १९९३ रोजीं 'सर्न'नें तें तंत्र कोणासहि विनामूल्य वापरतां येईल असें जाहीर केलें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांतील सर्वसाधारण लोकांस इंटरनेट खुलें केलें. चवदार तळ्यासाठीं जो झगडा करावा लागला तो या नव्या पाणवठ्यासाठीं करावा लागला नाहीं. तो आरंभापासूनच मोकळा होता. पण मोकळा असणें निराळें आणि तेथवर पोंचतां येणें निराळें.

पोंचण्याच्या वाटा हळूहळू पडत गेल्या. खाजगी संगणकवर्ग प्रथम मोठ्या शहरांत निघाले. २००१ सालीं महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालें आणि त्याच्या 'एम. एस. सी. आय. टी.' या अभ्यासक्रमामुळें तालुक्याच्या गांवीं, बाजारपेठेंतल्या एखाद्या माडीवर, संगणकाचा वर्ग दिसूं लागला. तेथें यंत्र वापरावयास शिकवीत. यंत्राला आज्ञा द्यावयास नव्हे. ती पुढची पायरी म्हणजे पदवी. २०१४ सालीं विद्यापीठ अनुदान मंडळानें व्यवसायशिक्षणाच्या 'बी. व्होक.' पदवीची योजना आणली. तींत एका वर्षानें पदविका, दोन वर्षांनीं प्रगत पदविका आणि तीन वर्षांनीं पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय होती. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें अशीच मुभा सर्वसाधारण पदव्यांस देऊन चौथ्या वर्षाची जोड दिली. त्याच सुमारास एम. सी. ए. चा अवधि तीन वर्षांचा दोन झाला. २०२४-२५ पासून बी. सी. ए. वर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची देखरेख आली आणि महाराष्ट्रांत त्यासाठीं सामाईक प्रवेशपरीक्षा सुरू झाली.

या तीन वर्षांत शिकवितात तरी काय? पहिल्या वर्षीं गणित, तर्कशास्त्र, यंत्राची अंतर्गत रचना आणि एखादी संगणकभाषा. दुसऱ्या वर्षीं माहितीची मांडणी कशी करावी, डेटाबेस कसा बांधावा, एकच यंत्र अनेक कामें कशीं सांभाळतें आणि दूरदूरचीं यंत्रें एकमेकांशीं कशीं बोलतात, हें विषय. तिसऱ्या वर्षीं वेबची रचना आणि एक प्रकल्प. यांपैकीं वेब हा भाग विद्यार्थ्यांना सर्वांत प्रिय असतो, कारण केलेलें काम तत्काळ डोळ्यांस दिसतें. अधलेमधले विषय मात्र 'नुसती थिअरी' म्हणून नांवें ठेवून घेतात. छोट्या पदवीचें खरें कसोटीचें स्थान येथेंच आहे, आणि तें उदाहरणानें स्पष्ट होईल.

समजा, पोलादपूरच्या एखाद्या विद्यार्थिनीनें शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठीं 'आंबेनळी घाट चालू आहे कीं बंद' हें सांगणारें वेबचें पान करावयाचें ठरविलें. वरवर पाहतां काम सोपें आहे. प्रवाशाच्या फोनमधील ब्राउझर दूरच्या सर्व्हरकडे मागणी पाठवितो. सर्व्हर डेटाबेसमधून शेवटची नोंद काढतो, तिच्यावरून पान रचतो आणि परत धाडतो. पानाचा सांगाडा एक भाषा सांगते, त्याचें रूपरंग दुसरी, त्यांतील हालचाल तिसरी. सहा आठवड्यांचा वर्ग केलेला मुलगाहि हें उभें करूं शकेल, आणि स्वच्छ हवेंत तें उत्तम चालेल.

पण पाऊस कोसळूं लागला म्हणजे? ब्राउझर वेग यावा म्हणून एकदां आलेलें पान आपल्यापाशीं जपून ठेवतो. संपर्क तुटला तर तो सकाळचें जुनेंच पान दाखवील, आणि त्यावर 'रस्ता चालू' असें ठळक अक्षरांत लिहिलेलें असेल. घाटाच्या दोन टोकांवरून दोन माणसांनीं एकाच वेळीं नोंद केली, एकानें 'बंद', दुसऱ्यानें ऐकीव माहितीवरून 'चालू', तर खरी कोणती धरावयाची? नोंद करणारा माणूस कोण, हें तपासण्याची सोय नसेल तर कोणीहि खोडसाळ मनुष्य काय वाटेल तें लिहील. २०२१ च्या जुलै महिन्यांत या मुलखावर जो पाऊस पडला त्यानें महाड शहर बुडालें, २२ जुलै रोजीं महाड तालुक्यांतील तळीये या गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं, पोलादपूर तालुक्यांतहि जीवितहानि झाली, आणि आंबेनळीचा रस्ता जागोजागीं तुटला. अशा रात्रीं चुकीचें पान हें कांहीं न सांगणाऱ्या पानापेक्षां अधिक घातक ठरतें.

त्या विद्यार्थिनीला हे धोके दिसले तर तिनें काय करावें? प्रत्येक नोंदीवर वेळ लिहावी आणि ती पानावर मोठ्या अक्षरांत दाखवावी. ठराविक मिनिटांनंतर जुनी नोंद आपोआप 'माहिती नाहीं' अशी व्हावी. परस्परविरुद्ध नोंदी आल्या तर 'बंद' हीच ग्राह्य धरावी. नोंद करणाऱ्याची ओळख पटवून घ्यावी. यांतील कोणतेंहि काम अवघड नाहीं. मात्र तीं सुचण्यासाठीं डेटाबेस, यंत्रांचें जाळें आणि एकाच वेळीं चालणारीं कामें यांचीं तत्त्वें अंगीं मुरलेलीं असावीं लागतात. ज्यांना 'नुसती थिअरी' म्हटलें तेच विषय हे. तीन वर्षांचा अवधि त्यांना पुरेसा आहे, जर तो त्यांवर खर्च झाला तर.

तो तसा खर्च होत नाहीं तेव्हां काय होतें, याचा दाखलाहि ताजा आहे. एके काळीं वेबवरील हलतीं चित्रें व खेळ यांसाठीं 'फ्लॅश' हें साधन सर्वत्र चाले. तें शिकविणारे वर्ग होते, त्यावर नोकऱ्या होत्या. २०२० च्या अखेरीस त्याचा आधार त्याच्या कंपनीनेंच काढून घेतला. ज्यांची सारी विद्या त्या एका साधनांत होती त्यांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागला. याच्या उलट, एडगर कॉड यांनीं १९७० सालीं मांडलेली कोष्टकरूप डेटाबेसची पद्धति आजहि सर्वत्र उपयोगांत आहे. १९८३ च्या जानेवारींत इंटरनेटच्या पूर्वरूपानें स्वीकारलेले संपर्काचे नियम मूलतः आजहि चालतात. साधनें दहा-पंधरा वर्षांत म्हातारीं होतात. तत्त्वें पन्नास वर्षांनींहि धडधाकट असतात. २०२२ नंतर साध्या भाषेंत सांगितलें असतां आज्ञावली लिहून देणारीं यंत्रेंहि सर्वांच्या हातीं आलीं. आतां घाटाचें तें सोपें पान यंत्रच रचून देईल. पावसांत त्यावर विश्वास ठेवावा कीं नाहीं, हें तपासण्याचें काम मात्र माणसाकडेच राहिलें आहे, आणि शिकणाऱ्याचें मोल त्यांतच आहे.

मग कोणी म्हणेल, तत्त्वेंच शिकावयाचीं तर चार वर्षांची अभियांत्रिकीची पदवीच कां घेऊं नये? ज्यांना परवडेल त्यांनीं ती जरूर घ्यावी. परंतु डोंगरांतल्या वाडीवरच्या कुटुंबांत एक वर्ष अधिक म्हणजे केवळ एका वर्षाची फी नव्हे. खोलीचें भाडें, खानावळ, प्रवास हा खर्च त्यांत आला. वर्षाची न मिळालेली मिळकत आली. आणि पुष्कळदां धाकट्या बहिणीचें अडलेलें शिक्षणहि आलें. लांबीमुळें अर्ध्यावर सुटलेल्या शिक्षणापेक्षां पुरें झालेलें तीन वर्षांचें शिक्षण निश्चित मोलाचें. त्यांतून पुढची वाट बंदहि होत नाहीं. बी. सी. ए. नंतर दोन वर्षांची एम. सी. ए. आहे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेतलेल्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मिळण्याची सोय आहे. नोकरी करून कांहीं वर्षांनीं परत येणाऱ्यासाठींहि दार उघडें ठेवण्याचा नव्या धोरणाचा हेतु आहे.

भाषेची अडचणहि लहान नाहीं. मराठी शाळेंतून आलेल्या मुलाला पहिल्या वर्षीं दोन भाषा एकदम शिकाव्या लागतात, एक संगणकाची आणि दुसरी पुस्तकाची. गज्जरांनीं बडोद्यास जो आग्रह धरला होता त्याला या क्षेत्रांत उशिरानें कां होईना फळ येऊं लागलें आहे: २०२१ सालीं पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्यें संगणक अभियांत्रिकीचा मराठी माध्यमाचा वर्ग निघाला. छोट्या पदव्यांत अशा सोयीची गरज अधिक आहे, कारण तेथें अडखळण्यास सवड कमी असते.

म्हणून शहरांतील असो वा घाटाच्या पायथ्याचें, ज्या घरीं असा अभ्यासक्रम निवडण्याची वेळ आली असेल तेथें वर्षें मोजण्यापेक्षां तीन गोष्टींची चौकशी करावी. या वर्षांत डेटाबेस, यंत्रांचें जाळें आणि माहितीची मांडणी हे विषय कसून शिकवितात कीं उरकतात? शेवटचा प्रकल्प विद्यार्थी स्वतः करतो कीं विकत आणतो? आणि येथून वर जाणारी वाट कोणती? या तिहींचीं उत्तरें समाधानकारक असतील तर तीन वर्षें पुरीं आहेत; नसतील तर चारहि अपुरीं पडतील. घाटांतली मोरी बांधणारा ओव्हरसियर जेवढ्या अवधींत शिकला तेवढ्यांत त्याला एक गोष्ट पक्की कळावी लागे, कीं मोरीचें तोंड नेहमींच्या पावसावरून मोजावयाचें नसतें. जो पाऊस पुष्कळ वर्षांतून एकदांच येतो त्यावरून तें मोजावयाचें असतें. सॉफ्टवेअर शिकणाऱ्याला तेवढें कळलें, म्हणजे त्याची पदवी छोटी राहत नाहीं.